डिकीतली जागा

३ फेब्रुवारी, मंगळवार

बाळने ॲम्प्लिफायर आणला! विटेपेक्षा जरा मोठं, जड, काळं खोकं. गाडीत बसवायचं म्हणे, म्हणजे गाणी दणक्यात वाजतात. मी म्हटलं, "अरे, पंधरा वर्षांची गाडी आपली. म्हातारपणी नाचवतोस का तिला?" एरवी हसला असता. आज नाही. एकतीस वर्षांचा झालाय, पण काही लपवायचं असलं की अजून कान खाजवतो. तसा खाजवत म्हणाला, "आई, हा डिकीत बसवू या."

डिकीत ह्यांची खुर्ची असते.

४ फेब्रुवारी, बुधवार

सकाळपासून डोक्यात तेच. भाजी करपली.

ह्यांना पक्षाघाताचा झटका आला त्याला आठ महिने झाले. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ गेलंच. चाकांची खुर्ची मिटते, डिकीत कशीबशी मावते, आणि दर रविवारी संध्याकाळी मी गाडी काढून ह्यांना तळ्यावर नेते. आठवड्यातून बाहेर पडणं ते एवढंच. तिथे कुणी ना कुणी जुना विद्यार्थी भेटतोच — "ओळखलंत का, सर?" अठ्ठावीस वर्षं हेडमास्तर होते, माणसं विसरतील कशी! मला बरं वाटतं. हे मान खाली घालून बसतात. मान लवकर दमते त्यांची.

डिकीत ते खोकं बसलं की खुर्ची मावायची नाही. खुर्ची नाही म्हणजे हे नाहीत. एवढं बाळला कळत नाही? की कळतंय?

६ फेब्रुवारी, शुक्रवार

बाळबरोबर फिटरकडे गेले. मुद्दामच. शिवणाच्या डब्यातली टेप पर्समध्ये टाकून! फिटर गमत्या माणूस. टेप बघून म्हणाला, "काकू, गाडीला फ्रॉक शिवताय का?"

पण समजावून नीट सांगितलं. हे यंत्र तापतं, त्याला हवा लागते, गालिच्याखाली कोंडायचं नाही. ओल्या चपलांचं पाणी जाईल तिथे ठेवायचं नाही. मी म्हटलं, "माझ्या सीटखाली?" वाकून टेप लावली. वर चांगली चार बोटं जागा उरत होती.

"फर्स्टक्लास!" फिटर म्हणाला. "दोन पट्ट्या मारतो, जरा उचलून बसवतो. काकूंच्या खाली गाणं!"

"तिथे नको," बाळ म्हणाला.

"का हो, दादा?"

"वायर लांब पडेल."

"अहो, बॅटरी पुढे आहे! डिकीत न्यायचा तर गाडीभर वायर ओढावी लागेल."

पुन्हा कान. "मला डिकीतच हवाय."

येताना फाटकापाशी माझ्याने राहवलं नाही — "बापाच्या जागी भोंगा बसवणार तू?" तो उतरून फाटक उघडायला गेला.

कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगायच्या, रागात लिहिलेलं पान फाडू नये, दुसऱ्या दिवशी वाचावं. बोललेलं कसं वाचायचं?

८ फेब्रुवारी, रविवार

तळ्यावर जाऊन आलो. बाळने आणि शेजाऱ्यांनी ह्यांना उचलून गाडीत बसवलं. आज दोन विद्यार्थी भेटले, चांगले टक्कल पडलेले. एकजण ह्यांच्या कानाशी वाकून ओरडला, "सर, मी! तुम्ही मला छडी मारली होती!" बहिऱ्याशी बोलावं तसं. हसत होता बिचारा, प्रेमानेच. ह्यांनी डोळे मिटून घेतले. समोरून ऊन येत होतं.

परत येताना मी जुन्या गोष्टी काढल्या. गाडी नवी होती तेव्हा हे घाट चढताना मोठ्यांदा गायचे. एक सूर धड नाही! मागे मुलं उशीत डोकं खुपसायची आणि हे म्हणायचे, "संगीताचा अपमान करू नका रे." हे हसले असं मला वाटलं. अर्ध्या चेहऱ्यावरून नीट समजत नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

बाळ दोन घास खाऊन उठला. मीही "वाढू का?" विचारलं नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

एकटीच फिटरकडे गेले. म्हटलं, सीटखाली बसवून टाका, बाळला मी बघते. फिटर स्क्रू ड्रायव्हर पुसत राहिला. मग म्हणाला, "काकू, खरं सांगू? दादांनी स्पीकर घेतलेलेच नाहीत. गाडीतले दोन आहेत, त्यातला एक फाटका. नुसता ॲम्प्लिफायर घेऊन करणार काय? मी विचारलं, तर म्हणाले, स्पीकरचं नंतर बघू, आधी डिकीचं बघा."

म्हणजे गाण्याचं निमित्तच. डिकी अडवायची आहे!

उचलून उचलून कंटाळला असेल. तरुण मुलगा, रविवारची संध्याकाळ. मला समजत नाही का? पण तोंडाने सांगायचं होतंस रे. एवढं महागाचं खोकं कशाला मध्ये घातलंस?

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज फुटले. ह्यांच्यासमोरच. बोलू नये ते बोलले — "बाबांना उचलायचा कंटाळा आला ना तुला? सांग की सरळ! मी माणूस लावते."

तो पांढराफटक पडला. माझ्याकडे पाहिलंच नाही, ह्यांच्याकडे पाहिलं. खूप वेळ. ह्यांनी पांघरुणाची कड मुठीत धरली होती. "कंटाळलो मी," बाळ म्हणाला. "समज तसं." आणि दार ओढून निघून गेला.

हा माझाच मुलगा ना?

१४ फेब्रुवारी, शनिवार

हे बोलले. एकेक शब्द ओढून काढत, मध्ये मध्ये थांबत. अर्धा तास गेला.

"त्याला... रागावू नको. मीच... म्हटलं त्याला. तळं नको. लोक... बघतात. तू एवढी... हौसेने... तुला सांगवेना."

इतके महिने! दर रविवारी!

बाळला फोन लावला, त्याने उचलला नाही. मग फिटरला लावला. म्हटलं, डिकीतच बसवा.