काळ्या स्कीची जोडी आणि इतर मालमत्ता

मी, श्रीमती पद्मिनी देवानंद रामटेके, वय सत्तावन्न, मूळ राहणार नागपूर, हल्ली राहणार बॉथेल, वॉशिंग्टन राज्य, तथागतांना आणि बाबासाहेबांना वंदन करून, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. यातलं दबावाचं तितकंसं खरं नाही. पुढच्या आठवड्यात मी आणि माझी मैत्रीण मालिनी माउंट अॅडम्सच्या माथ्यावर चढून स्कीवरून खाली उतरणार आहोत. हे ऐकल्यावर माझा मुलगा बुद्धभूषण म्हणाला, "आई, आधी विल कर, मग जा." वकीलबाईंनी सांगितलं, भाषा कोणतीही चालेल, दोन साक्षीदार हवेत. म्हणून मराठीत लिहिते.

माझी तब्येत ठणठणीत आहे आणि मला मरायची मुळीच घाई नाही. उलट गेला आठवडाभर ऑफिसात बसल्या बसल्या माझे गुडघे टेबलाखाली वळणं घेत असतात.

१. बॉथेलचं घर माझ्या आणि माझे दिवंगत पती देवानंद यांच्या कष्टाचं आहे. ते बुद्धभूषण आणि माझी मुलगी अपर्णा या दोघांना समसमान मिळावं. अपर्णा तिकडे पूर्व किनाऱ्यावर आयसेलिनला असते आणि तिला बर्फाचा तिटकारा आहे, म्हणून तिचा वाटा कमी होत नाही.

२. बँकेतली शिल्लकही दोघांत सारखी वाटावी. मात्र त्यातला काही भाग आधी बाजूला काढून नागपूरहून इथे शिकायला येणाऱ्या आपल्या समाजातल्या मुलामुलींसाठी द्यावा. बाबासाहेबांची पुस्तकंही त्यांनाच द्यावीत. ती कपाटात शोभेला ठेवू नयेत.

३. गराजमधलं स्कींना वॅक्स लावायचं टेबल, कडांना धार लावायच्या कानशी आणि वॅक्सची इस्त्री मालिनीला. तिने ती इस्त्री कपड्यांना लावू नये.

४. जांभळ्या फुलांची स्कीची जोडी श्री. कुमार यांना.

याचं कारण नोंदवते. बुद्धभूषण लहान असताना मी त्याला स्कीच्या क्लासला नेत असे आणि खाली उभी राहून गारठत असे. उभं राहून गारठण्यापेक्षा पडून गारठलेलं बरं, असं ठरवून चाळिशीत मी स्वतःच क्लास लावला. दहा वर्षांत चांगली तयार झाले आणि स्वतःची जोडी घ्यायला दुकानात गेले. तिथल्या माणसाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काही न विचारता ही मऊ, आखूड जोडी पुढे केली. मी विमानांच्या भागांची ताकद तपासण्याचं काम करते. एखादी वस्तू किती वाकते, किती पिळते, हे माझ्या रोजच्या कामातलं. तरी त्या दिवशी मी गप्प बसले आणि ती जोडी घेऊन आले. वेग घेतला की ती तापात थरथरणाऱ्या माणसासारखी थरथरे. आमच्या ओळखीतले कुमार सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, तुम्हाला फुलांचीच शोभते. काळ्याबिळ्या आम्हा पुरुषांसाठी." त्यांना ती शोभते का, ते त्यांनी एकदा उतारावर जाऊन पाहावं. राग नाही. तरी हे कलम रद्द करू नये.

५. माझी काळी जोडी, लांबी एकशे त्रेसष्ट सेंटिमीटर, अपर्णाची लेक इशिता हिला. ती आत्ता अकरा वर्षांची आहे. ती कोणत्याही उतारावरून न घाबरता उतरू लागेल तेव्हा द्यावी. तोवर भिंतीवर टांगून हार घालू नये, कुणीतरी वापरावी.

इशिता, तुला माझं मराठी वाचता येत नसेल तर आईकडून वाचून घे. चांगलं येणाऱ्या माणसाला एकच जोडी ठेवायची असेल, तर ती सकाळच्या कडक बर्फावर, दुपारी तुडवलेल्या ढेकळांत आणि ताज्या भुसभुशीत बर्फातही चालली पाहिजे. आधी मधली रुंदी, म्हणजे स्कीची कंबर, बघ. रुंद कंबर खोल बर्फात तरंगवते, पण कडक बर्फावर कडेवर, म्हणजे एजवर, यायला वेळ लावते. आमच्याकडे ओला, जड बर्फ पडतो, म्हणून माझी थोडी रुंद आहे. तू जातेस त्या डोंगरांवर बर्फ काचेसारखा असतो, तेव्हा ही जमली नाही तर खुशाल विकून बारीक कंबरेची घे. मग ती पिळून बघ. सहज पिळली गेली तर वेगात दगा देईल. आखूड घेऊ नकोस. आणि सोप्या उतारावर पारख करू नकोस, तिथे सगळ्याच गुणी वाटतात.

ही जोडी कशी मिळाली, तेही याच कलमात लिहिते.

बुद्धभूषण कॉलेजात स्कीच्या शर्यती जिंकायचा. एका वसंतात तो शर्यतीचीच अरुंद स्की घालून गुडघाभर ओल्या बर्फात शिरला. स्कीचं टोक रुतलं, पाय स्कीतून सुटला नाही आणि गुडघ्यातला लिगामेंट फाटला. ऑपरेशन नीट झालं, डॉक्टरांनी परवानगीही दिली. तरी तीन हिवाळे त्याने स्कीला हात लावला नाही. विषय काढला की म्हणायचा, "आई, लेट इट गो."

या मार्चमध्ये स्टीव्हन्स पासवर वेगवेगळ्या जोड्या वापरून बघायचा दिवस होता. घाटात बर्फ पडत होता, म्हणून तो मला गाडीने घेऊन आला आणि कॅन्टीनमध्ये लॅपटॉप उघडून बसला. मी लाल जोडी वापरून आत आले आणि म्हणाले, "बरी आहे."

"बरी म्हणजे काय? एज धरते का?"

"जरा उशिरा धरते."

"मग कंबर जास्त रुंद आहे. दुसरी घे."

हिरवी घेतली. परत आले. "ही लोण्यासारखी वळते."

"ढेकळांत टोक हलतं का?"

"हलतं."

"सोड ती."

मग काळी. तिच्या आत धातूचे दोन पत्रे आहेत. मी आत आले ते बसलेच नाही. "ही हलत नाही. पण मी पंचावन्न किलोची बाई. खऱ्या वेगात ती काय करते, ते मला कळणार नाही."

त्याने लॅपटॉप बंद केला. "यार आई," एवढंच म्हणाला आणि बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात त्याचे बूट होते. तीन हिवाळे ते गाडीच्या डिकीतच होते, हे मला तेव्हा कळलं. हा माझा डाव होता, असं तो आजही म्हणतो. मी इथे शपथेवर लिहिते, डाव नव्हता. मला खरंच स्की निवडायची होती.

त्याने आपल्या मापाची काळी जोडी घेतली. वर जाताना तारेवरच्या पाळण्यात तो गुडघ्यावर हात ठेवून बसला होता. माथ्यावर पोचल्यावर बराच वेळ उभा राहिला.

"तू पुढे हो, आई."

"नाही. आज तू."

तो निघाला. पहिली दोन वळणं घाबरत घेतली. तिसऱ्या वळणाला त्याचे खांदे सैल झाले, ते मला वरूनही दिसलं. ढेकळांच्या पट्ट्यात तो थांबेल असं वाटलं, पण तो थेट त्यातून गेला. मी त्याच्या मागोमाग, आयुष्यात कधी गेले नव्हते अशा वेगाने. खाली पोचले तेव्हा तो काठ्यांवर रेलून धापा टाकत होता. चेहरा ओला होता, बर्फाने का कशाने, मी विचारलं नाही.

"हीच," तो म्हणाला. "तुला एकशे त्रेसष्ट, मला एकशे ऐंशी. आणि पाळणा बंद व्हायच्या आत परत वर जाऊ."

६. माझा अंत्यविधी त्रिशरण-पंचशील घेऊन साधेपणाने करावा. पुण्यानुमोदनाला कुणी "या वयात तिला काय गरज होती" असं म्हणालं, तर त्यांना आधी पोटभर जेवू घालावं आणि मग शांतपणे सांगावं, गरज होती.

७. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचं काम ~~माझा मुलगा बुद्धभूषण~~ माझी मुलगी अपर्णा हिने करावं. वरची खाडाखोड माझ्याच हातची असून तिच्याशेजारी मी सही केली आहे. कारण असं की आज सकाळी मी साक्षीदारांची वाट पाहत असताना बुद्धभूषण आपली जोडी खांद्यावर घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "अॅडम्सला मालिनीमावशीच्या गाडीत तिसरी सीट आहे ना?"

लिहून देणार: पद्मिनी देवानंद रामटेके

साक्षीदार, दोघेही शेजारी. दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही:
१. राजेश श्रीराम पाटणकर
२. शिवांगी राजेश पाटणकर

ठिकाण: बॉथेल
दिनांक: ९ जून २००७