आणखी एकाला विचारून

अक्का,

लांबूनच पाया पडते. फोनवर रडू येईल म्हणून लिहितेय, पण काळजी करू नकोस. ह्यांचा पाय मोडलाय इतकंच, इथल्या हॉस्पिटलात ठेवलंय.

वैताग वेगळाच आहे. ह्या परक्या शहरात हॉस्पिटलची बस कुठली, हे बसस्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीतल्या बाईंना विचारलं. त्यांनी नीट नकाशा काढून दिला. मी खात्रीसाठी शेजारच्या पेपरवाल्यालाही विचारलं, तर बाईंनी खिडकीच आपटली! अगं, दोघातिघांना विचारल्याशिवाय आपल्याकडे पाऊल तरी उचलतं का कुणी?

मग बाई तणतणत बाहेर आल्या. माझा दंड धरून बसमधून थेट हॉस्पिटलच्या दारात नेलं आणि म्हणाल्या, "आता विचारा कुणाला विचारायचं ते!"

डॉक्टर ऑपरेशन करायचं म्हणतात. तू आपल्या डॉक्टरांना विचार. आणि त्यांना कळू न देता आणखी एकाला.

तुझी धाकटी