माझ्या अंगातली गोळी कोणी काढू नये

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याच्या नावाने. मी, इग्नासिया ओलिवारी, दिवंगत एउसेबियो यांची विधवा, राहणार सान इलारियो वस्ती, ग्वादालुपे नदीकाठ, तेहास ऊर्फ टेक्सास प्रांत, मेक्सिको, असे लिहवून ठेवते की पोटातल्या जखमेने शरीर खचले तरी माझी बुद्धी शाबूत आहे आणि माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला आले होते, त्यांना मी अंगणात बसवले आहे.

नदीकाठचे दगडी घर आणि मक्याचे शेत मुलगी त्रिनिदाद हिला. जावई हार्लन पेटस अमेरिकेतल्या टेनेसीहून आला तेव्हा त्याने आमचा धर्म घेतला, इथल्या राज्यघटनेची शपथ घेतली. सोबत फिबी नावाची विकत घेतलेली बाई आणली. आपल्याकडे गुलाम ठेवता येत नाही, म्हणून जन्मभराच्या चाकरीच्या करारावर तिचा अंगठा उमटवून घेतला. "सासूबाई, ही नोकर आहे," असे तो मला तोंड वर करून सांगे. तेव्हा अट अशी, की न्यायाधिकाऱ्यांसमोर तो करार फाडून फिबीला मोकळे केल्याखेरीज हार्लनने त्या घरात पाऊल ठेवू नये. माझी तपकिरी घोडी फिबीला.

गुरे, त्यांना डाग द्यायचा लोखंडी ठसा आणि एउसेबियोचे खोगीर मुलगा अन्सेल्मो याला. तो सरकारी घोडदळात आहे. हार्लनसारख्या अमेरिकी वसाहतवाल्यांच्या बंदुका जमा करण्याचा हुकूम निघाला, तेव्हा त्याच्या कप्तानाने मुद्दाम त्यालाच बहिणीच्या दारी पाठवले. हे मी कप्तानाला माफ केलेले नाही. त्या दिवशी मी तिथेच मक्याच्या पोळ्या थापत होते.

"दाजी, बंदूक द्या. हुकूम आहे."

"लुटारू चालून आले की तुझा कप्तान येतो का रे धावून?"

"तुम्ही शपथ घेतली होतीत."

"राज्यघटनेची घेतली होती. ती तुमच्याच सरकारने मोडली!"

"आणि फिबी? ती कुठल्या घटनेत बसते?"

हार्लनने बंदूक उचलली, अन्सेल्मोनेही उचलली. पिठाच्या हातांनी मी मध्ये शिरले. दोन्ही बंदुका उडाल्या. एक गोळी उघड्या दारातून शेतात गेली असेल, एक मला लागली.

आता वसाहतीची माणसे म्हणतात, "बाई, सैनिकाने मारलं एवढंच बोला, सगळा प्रांत उठेल." कप्तान म्हणतो, "आई, त्या परक्याचं नाव घ्या, उद्याच फासावर चढवतो." दोघांनाही माझे मरण हवे आहे. ते मी कोणालाच देत नाही.

हार्लन आणि अन्सेल्मो वेगवेगळे येतात, उशाशी बसून रडतात. दोघेही विचारतात, "माझीच होती ना?" मी उत्तर देत नाही. जोवर दोघांनाही आपलीच वाटते, तोवर त्यांचा एकमेकांवर हात उठणार नाही.

सरकारी गोळी मोठी, जावयाची बारीक. जखम बांधते ती फिबी, त्यामुळे तिला कळले आहे. ती बोलणार नाही. घोडी त्याबद्दल नाही, ती मी आधीच देणार होते.

म्हणून शेवटची आज्ञा. मी गेल्यावर कोणत्याही वैद्याने, पाद्र्याने वा सैनिकाने माझी जखम उघडून पाहू नये. फिबीने मला आंघोळ घालावी, कापडात गुंडाळावे आणि गोळीसकट पुरावे.

वाचून दाखवले, मान्य आहे.
सही: इग्नासिया ओलिवारी
साक्षीदार: तोरिबियो कान्तू, सुतार
साक्षीदार व लेखक: पाद्री मेल्चोर रेन्दोन
सान इलारियो, ऑक्टोबर १८३५