शेंगांवरची खूण

शेंदूरजनाघाट,
होळीच्या आधीचा आठवडा

सन्माननीय इवाई (शुद्ध मराठीत व्याही) भगवंतरावजी वाकोडे यांना खुशालरावचा नमस्कार. इहीणबाईंनाही सांगा. गुडघा कसा आहे? अकोल्यात ऊन तापायला लागलं असेल. कूलर काढायला तुम्ही माळ्यावर चढू नका, जावईबापू श्यामरावांना चढू द्या. आमच्याकडे सगळं ठीक आहे. म्हणजे सुभद्रा ठीक आहे, आणि मृगाची संत्री उतरली. (फोन न करता पत्र का, असं तुम्हाला वाटेल. तुमच्या घरी फोन स्पीकरवर ठेवून घेतात, अशी मला शंका आहे.)

विषय व्हॅनिलाचा आहे. संत्र्याच्या बागेला लागून शेडनेटखाली मी हे वेल लावले, तेव्हा गाव हसलं. शेजारचा गोपाल शेताच्या धुऱ्यावरून ओरडला, "गुरुजी, आईसक्रीमची भाजी लावली म्हनते तुमी?" मी लक्ष दिलं नाही. आपल्या उन्हात हा वेल जगवायचा तर हवा सतत ओली ठेवावी लागते. मागच्या उन्हाळ्यात घरच्या कूलरमध्ये पाणी नव्हतं आणि वेलांवर फवाऱ्यांचं धुकं होतं. सुभद्रा म्हणाली, "मलेबी त्या जाळीत नेऊन बांधा." फूल सकाळी उमलतं आणि दुपारी मिटतं. त्याच्यावर बसणारा किडा आपल्या देशात नाही, म्हणून त्या अर्ध्या दिवसात माणसानेच काडीने आतला पडदा उचलून पराग पलीकडे दाबायचे. माझ्या बोटांनी फुलं फाटली. रागिणी तेव्हा माहेरी आली होती. मेहंदी काढावी तसं तिने हे काम केलं आणि तिचा हात लागलेल्या जवळजवळ प्रत्येक फुलाला शेंग धरली. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे तेच तिच्याविरुद्ध जातं.

ज्यांनी केरळातून वेल पाठवले त्यांनी बजावलं होतं की चोर हिरव्या शेंगाच तोडून नेतात, म्हणून शेंग कोवळी असतानाच टाचणीने तिच्यावर खूण टोचून ठेवावी. ती वाळल्यावरही जात नाही. मी माझ्या नावाचा ख टोचला. एकही शेंग सोडली नाही. मग पहारा सुरू केला. संत्र्याचा व्यापारी बागेत आला की नाक वर करून लांब श्वास घ्यायचा. (हिरव्या शेंगेला वास नसतो. मग तो काय हुंगत होता?) गोपालचा फवारणीचा ड्रोन माझ्या जाळीवरून गेला. विचारलं तर म्हणतो, "हवा होती, गुरुजी." त्या दिवशी पान हललं नव्हतं. आमचं कुत्रं गोपालवर भुंकत नाही. आधी मला ते चांगलं वाटायचं.

शेंगा तोडल्यावर त्या कढत पाण्यातून काढून ब्लँकेटमध्ये घामवाव्या लागतात. रोज उन्हात उघडायच्या आणि गरम असतानाच गुंडाळून पेटीत निजवायच्या. (ब्लँकेट तुम्ही लग्नात दिलेलं. इहीणबाईंना सांगू नका.) हिवाळाभर मी अंगणात त्या गाठोड्यापाशी बसलो. येणारा-जाणारा थांबून बघायचा. एका बाईने आत कोण आजारी आहे, असंही विचारलं. शेवटी शेंगा काळ्या झाल्या, मऊ झाल्या, आणि घराला असा वास सुटला की सुभद्रा स्वतःहून गाठोड्यापाशी येऊन बसली.

परवा चष्मा लावून त्या निवडायला बसलो. माझा ख कुठेच नव्हता. शेंगांमागून शेंगा पाहिल्या. स्पष्ट दोन अक्षरं होती. रव.

भगवंतरावजी, मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवली. अक्षर ओळखण्यात माझी चूक होत नाही. र. व. कोण? व्यापाऱ्याच्या नावात र नाही. गोपालच्या नावात दोन्ही नाहीत, ड्रोन असो वा नसो. ओळखीचे सगळे मनातून फिरवले. नाव-आडनावाची पहिली अक्षरं जुळणारं एकच माणूस निघालं : रागिणी वाकोडे. फुलांपाशी ती होती. टाचण्यांची डबी तिनेच आणून दिली होती. मी लगेच फोन केला.

"शेंगांवर तू नाव टोचलं?"

"मी काहून टोचू, बाबा?"

"वाकोड्यांनी सांगितलं असेल. बागेत हिस्सा पाहिजे असेल."

मग फोन बंद झाला. त्यानंतर ती आमचा फोन घेत नाही. आईचाही नाही.

तेव्हा आपल्याला स्पष्ट विचारतो : आपण सुनेला असं काही सुचवलं होतं का? राग मानू नये. नसेल तर तसं दोन ओळींत कळवावं, म्हणजे मला पुढे शोधता येईल.

आपला,
खुशालराव

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी सुभद्राने एक शेंग उजेडात धरली. म्हणाली, "हा तुमचाच ख व्हय. शेंग फुगली, तसा फाकला. पोरायनं असा उघडा ख काहाडला त तुमी मार्क कापत होते ना?" मी भिंगातून पाहिलं. वर लिहिलेलं सगळं रद्द समजावं. पत्र फाडणार होतो, पण मी काय बोललो ते रागिणीने तुम्हाला सांगितलंच असेल. का बोललो तेही कळलेलं बरं.

ता. क. २. वेलांना पुन्हा कळ्या आल्या आहेत. होळीपर्यंत उमलतील. काडी मी दोनदा धरून पाहिली, बोटं तशीच आहेत. रागिणीला पाठवता का? मी फोन केला तर ती उचलणार नाही. तुम्ही म्हटलं तर येईल. फुलांसाठी जा, असं म्हणू नका. म्हणा की बाप चुकला. ते खरं आहे, आणि फूल दुपारनंतर थांबत नाही.

ता. क. ३. या वर्षी शेंगांवर र टोचायचा, असं सुभद्राने ठरवलं आहे. मी हो म्हटलं. र मध्ये फाकण्यासारखं काही नाही, हे मी कागदावर काढून तपासलं.