वासराच्या पाठीवरचं ओलं गोणपाट

आये, तू विसरली असशीलच. कमरेला विळा खोचून घरभर विळा शोधणारी तू, तुला लेकीचा आवाज तरी कुठला आठवायला. म्हणून सांगते, मी तुझी थोरली, मुरबाडाकडं दिलेली. अक्षर माझं नाय, नातीचं आहे. मी बोलते, ती लिहिते, आणि मध्येच "आजी, हळू" म्हणून मलाच दटावते.

आमच्या घरात एसी आलाय. नातसुनेला माहेर नाय, बाळंतपण इथंच, म्हणून नातवाने तिच्या खोलीत बसवला. भिंतीवर पांढरी पेटी, तिच्याखाली बसलं की भर वैशाखात हुडहुडी भरते. शेजारच्या बाया "बाळाला बघून जातो" म्हणत दुपारच्या येतात आणि बाळाकडं पाठ करून पेटीखाली बसतात. मी त्यांना हसते. पहिल्या दिवशी मीच तिथं पेंगले होते, ते सांगत नाय.

तुझा उन्हाळा वेगळा होता. शेणवे गावाच्या वाटेवरचं आपलं घर, अंगणातल्या मांडवावर जांभळीच्या डहाळ्या, वाळूत रुतवलेला पाण्याचा डेरा, सारवलेल्या ओटीवर उघड्या पाठीने लोळणारा बाबा. पेरणीआधी शेतात पालापाचोळ्याचा राब भाजून तू काळीठिक्कर होऊन यायचीस, आणि स्वतः पाणी प्यायच्या आधी वासराकडं जायचीस. त्याच्या पाठीवर ओलं गोणपाट टाकून म्हणायचीस, "मुकं हाय गो ते, सांगंल काय उकडतंय म्हनून?"

त्याच उन्हाळ्यात आतल्या खोलीत मी बाळंतीण. खिडकीत चिंध्या कोंबलेल्या, माझे कान बांधलेले, बाजेखाली शेगडी. कुशीत माझी पहिली लेक, कुंची घालून दोन दुपट्यांत गुंडाळलेली. मी म्हणते, "आये, वाईच खिडकी उघड. पोर तापलीय." तू शेगडीत निखारे सारत म्हणतेस, "वारा लागंल. तुला अशीच वाढवली ना मी, मेलीस काय?" आठव्या दिवशी तिने दूध सोडलं. नवव्या दिवशी ती गेली. तू ऊर बडवून घेत होतीस आणि मी दारातून वासराकडं बघत होते. त्याच्या पाठीवर गोणपाट होतं, ओलं.

पुढं दर उन्हाळ्यात तू भावाच्या हाती नाचणीच्या आंबिलीचं मडकं धाडायचीस. मी तोंडाचं फडकंही न सोडता ते परत लावून द्यायचे. आंबील सोसत नाय, असं सांगायचे. तू गेलीस तेव्हा मी उशिरा पोचले. एसटी चुकली म्हणाले. एसटी चुकली नव्हती गो. मी घरातच बसून होते.

आता परवाचं ऐक. नातसून न्हाणीत गेली, बाळापाशी मी. वरून गार झोत येत होता. बाळाचे पाय हाताला थंड लागले. मग माझे हात आपसूक चालले. पेटी बंद केली, खिडकी लावली, टोपरं बांधलं, एक दुपटं, दुसरं दुपटं, वरून माझं लुगडं. तोंडाने म्हणत होते, "वारा लागंल." नातसून आली तेव्हा पोर लालबुंद, केस घामाने चिकटलेले. तिने सगळं सोडलं, ओलं फडकं फिरवलं, पदराखाली घेतलं. कितीतरी वेळ पोर तोंड लावीना. मग प्यायली. नातसून ओरडली नाय. म्हणाली, "आजी, तुमी सांगाल तरी उकडतंय म्हणून. हिला सांगता येतं काय?"

मी उठून ओटीवर गेले. साठ वर्षं मी तुझ्या हातांकडं बघत आले, खिडकी कशी बंद केली म्हणून. परवा माझ्या हातांकडं बघितलं. माझ्या मनात वाईट नव्हतं गो. तुझ्याही नसणार. हे मला तू असताना कळायला हवं होतं, तुझ्या मांडीवर डोकं ठेवून दोघींनी माझ्या त्या पहिल्या लेकीसाठी एकदा तरी रडायला हवं होतं. आपण दोन घरांत वेगवेगळ्या रडलो.

नात विचारते, पत्ता काय घालू. मी म्हणाले, घडी कर आणि तांदळाच्या डब्यात ठेव. पण त्याआधी एवढं लिही. आंबील मला सोसायची. एकदा फडक्यातून झिरपलेली मी बोटाने चाटली होती, आणि तरी मडकं परत धाडलं. आता काही धाडणार असशील तर तीच धाड. ताक आंबट घाल, लसूण ठेचून, मीठ जरा वर. या खेपेला मडकं रिकामं येईल.