असाधारण मरतूक

६ जानेवारी

डॉ. कुलदीप घरी आले होते. तालुक्याचे पशुधन विकास अधिकारी. येऊन सात महिने झाले, मूळचे साताऱ्याकडचे — अजून "मले-तुले" ऐकलं की क्षणभर दचकतात. हातात बेचाळीस पानी इंग्रजी आराखडा. कोंबड्यांवर बर्ड फ्लू आला तर सरकारनं कोणी, कधी, काय करायचं त्याचा. रोग अजून जिल्ह्यात कुठं नाही. पण वरून आदेश — तालुक्यासाठी सोपं, एक पानी मराठी पत्रक काढा.

"मॅडम, तुम्ही संस्कृत शिकवलंय, बातम्या लिहिता. तुमच्याइतकं शुद्ध इथं कोण लिहिणार?"

पाघळले मी. बावीस वर्षं शाळेत रूपं घोकून घेतली, नऊ वर्षं खामगावच्या दैनिकाला मोताळ्याच्या बातम्या पाठवते आहे. माझ्या शुद्धलेखनासाठी कोणी जिना चढून आल्याची ही पहिलीच वेळ!

चहा पिताना म्हणाले, "एकदा उद्रेक झाला की एक किलोमीटरमध्ये पूर्ण कलिंग करायचं."

"करा. पण सम्राटाला नंतर पश्चात्ताप झाला होता."

त्यांना कळलं नाही. कोंबड्या मारून टाकण्याला इंग्रजीत असं म्हणतात, हे मलाही सोळाव्या पानावर कळलं.

९ जानेवारी

पत्रक झालं. जिल्ह्याच्या मसुद्यात मारण्याला "शास्त्रोक्त पद्धतीने नष्ट करणे" असं म्हटलंय. कुठलं शास्त्र, देव जाणे. आमच्या व्याकरणात कोंबड्याचं काम एवढंच — कु, कू, कूऽऽ करून ह्रस्व, दीर्घ, प्लुत शिकवायचं. पुढं "एक किलोमीटर परिघात" — परिघ नव्हे हो, त्रिज्या! परिघ धरला तर गावातल्या एका आळीवर भागेल. दुरुस्त केलं.

अडलं ते मुख्य वाक्यावर. कुलदीपांनी लिहिलं होतं, "कोंबड्या जास्त मेल्या तर कळवा." मी खोडलं. जास्त म्हणजे किती? कशाहून? त्याऐवजी — "पक्ष्यांमध्ये असाधारण मरतूक आढळल्यास त्वरित कळवावे." काय वजन आहे वाक्याला!

"लोकांना समजेल का, मॅडम?"

साताऱ्याहून येऊन हा मला विचारतो, वऱ्हाडातल्या लोकांना काय समजतं! म्हटलं, "साधारण समजतं ना? त्याला अ लावायचा." हसले. गेले.

शेवटी "कळविणाऱ्याचे नाव गुप्त ठेवले जाईल." आणि त्याखाली बारीक टायपात "शब्दांकन" म्हणून माझं नाव. मी नको म्हटलं. एकदाच म्हटलं.

१२ जानेवारी

बाजार. पत्रकं वाटली. पहिलं दिलं रुक्मिणीबाईंना. अकरा वर्षं त्यांच्याकडूनच गावरान अंडी घेते — (घरात खाणारी मी एकटी, आमचे गोपाळराव पिशवीत बटाटे आहेत असं समजून दरवाजा उघडतात.) धरणाच्या रस्त्याला त्यांचं गाव. नवरा नाही, मुलगा सुरतेला. घरात त्या, सून डिंपल आणि चाळीस कोंबड्या. एकेकीचं नाव ठाऊक, स्वभाव ठाऊक. कोणती कुठं अंडं घालून गुपचूप येते तेही.

कागद हातात घेऊन म्हणाल्या, "तुमचं नाव हाय ताई यावर?"

"आहे."

"मंग घडी नाई करत." तसाच सरळ, अंड्यांच्या पाटीखाली ठेवला.

१५ जानेवारी

मैदानावर बर्ड फ्लूची रंगीत तालीम. शीघ्र प्रतिसाद पथकानं पांढरे पोशाख चढवले. एकाची चेन अडकली, त्याला आतून बोलता येईना, बाहेरून कोणाला ऐकू येईना. "शीघ्र" प्रतिसादाला चाळीस मिनिटं लागली. रोगी कोंबडीचं काम थर्माकोलच्या डब्यानं केलं. उत्तम केलं — एकदाही पळाला नाही!

बातमीत "तालीम यशस्वी" लिहिलं.

१९ जानेवारी

बाजार. रुक्मिणीबाई आल्या नाहीत. अंडी दुकानातून आणली.

२६ जानेवारी

झेंडावंदन, मग बाजार. आज होत्या. पाटीत अंडी अकराच.

"काय हो, मागच्या बाजारी आल्या नाहीत?"

"कोंबड्या मरून राह्यल्या ताई." इकडंतिकडं पाहून, आवाज उतरवून, "अठरा गेल्या. तुमाले म्हणून सांगते. कोणाजवळ बोलू नका."

चाळीसातल्या अठरा! दोन आठवड्यांत!

"अहो, मग कळवायचं नाही का? पत्रक दिलं होतं ना?"

"वाचलं ना. डिंपलनं दोनदा वाचून दावलं. असाधारण मेल्या तं कळवा मने. आता मानमोडी तं दरसालच येते बाप्पा. मान वाकडी करते अन् मरते. ते तं साधारणच झालं." आणि माझा चेहरा पाहून मलाच धीर देत, "असाधारण काई झालं तं कळवूच ना आमी! काऊन नाई कळवणार?"

अंडी न घेता आले.

२७ जानेवारी

मानमोडीच असेल. असूही शकते. दर हिवाळ्यात येते, तिला कोणी डॉक्टर बोलावत नाही. पण मानमोडी काय, बर्ड फ्लू काय, दोन्हींत कोंबड्या सारख्याच मरतात — आराखड्याच्या नवव्या पानावर आहे. मी वाचलं होतं. पत्रकात घेतलं नाही. वाक्य लांबत होतं.

सांगितलं तर नमुने जातील. रोग निघाला तर तिच्या उरलेल्या बावीस जातील आणि सगळ्या गावाच्या जातील, त्रिज्येसकट. नाही सांगितलं तर — दहा गावं. माणसंसुद्धा.

गोपाळराव जेवताना म्हणाले, "मग अडलंय कुठं? कोंबड्यांची दया येते?"

हो म्हटलं. खोटं. अडलंय ते "लोकांना समजेल का, मॅडम?" इथं.

२८ जानेवारी

गेले कुलदीपांकडे. सांगितलं. एक बाई आहे, तिच्याकडे कोंबड्या मरताहेत, ती लपवते आहे. "लपवते" हा शब्द कसा आला कोण जाणे — आला आणि बसला. असाधारणचं काही बोलले नाही. "अडाणी माणसं, घाबरतात," असंही म्हणून गेले.

त्यांनी ऐकून घेतलं. लिहून काही घेतलं नाही. "बरं केलंत सांगितलंत, मॅडम."

दुपारीच कळलं, नमुने पुण्याला रवाना झालेसुद्धा! सरकार इतकं चपळ कधीपासून? मनात म्हटलं, सांगणाऱ्याचं वजन असतं.

३ फेब्रुवारी

पुण्याहून पुढं भोपाळला गेलेल्या नमुन्यांचा अहवाल. बर्ड फ्लूच.

लगेच बातमी. खरं लिहायचं तर लिहावं लागलं असतं — पत्रकातला शब्द लोकांना कळला नाही. लिहिलं ते असं — "एका पशुपालक महिलेने मरतुकीची माहिती दडविल्याने उपाययोजनांस विलंब झाल्याचे समजते." कोणाकडून समजते? "समजते" हे क्रियापद मोठं सोयीचं. कर्ता विचारत नाही.

४ फेब्रुवारी

पहिल्या पानावर आली. सकाळी कुलदीपांचा फोन. "मॅडम, 'दडविल्याने' हा शब्द… जरा घाई झाली."

"मग काय म्हणायचं होतं?"

"मला सध्या काही सांगता येत नाही."

पुन्हा हे मला शब्द शिकवणार! फोन ठेवला.

५ फेब्रुवारी

गावात. पथकानं ताणलेल्या दोरीच्या अलीकडे उभी होते, वही घेऊन. आज चेन कोणाचीच अडकली नाही.

रुक्मिणीबाईंच्या अंगणापासून सुरुवात. पण पांढरे पोशाख पाहून कोंबड्या उधळल्या — कोणी छपरावर, कोणी तुरीच्या वाळक्या तुऱ्हाट्यांत. पथकाची दमछाक. अर्धा तास गेला, हातात तीन. शेवटी रुक्मिणीबाई ओट्यावरून उठल्या. पोशाखातल्या एकानं त्यांना मास्क दिला, हातमोजे दिले — डोळ्यांवरून कुलदीप असावेत. मास्क त्यांनी लावला आणि परत खाली ओढला.

"तोंड झाकलं तं वळखतीन कशा?"

मूठभर ज्वारी घेतली. "तीऽ ती ती ती…"

आल्या. छपरावरच्या, तुऱ्हाट्यांतल्या, सगळ्या. पायाशी गोळा झाल्या. एकेक उचलून त्या पोशाखांच्या हातात देत गेल्या. शेवटची दिल्यावरही ज्वारी बरीच उरली होती. ती मुठीतच.

मग पुढचं घर, मग त्यापुढचं. शेजारचे वामनराव पेपर घेऊन दोरीपाशी आले. माझ्यासाठी नव्हे, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून, "हिच्यापायी आमच्याबी गेल्या! लपवून बसली! छापून आलं न बे इथं, का मी मनाचं सांगून राह्यलो?"

रुक्मिणीबाई ओट्यावर जाऊन बसल्या. डिंपल मात्र सरळ माझ्याकडे आली. "ताई, हे तुमीच लिवलं ना? तुमाले तं आत्याबाईनं —"

"डिंपल!" ओट्यावरून. एवढ्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला कधी ऐकला नव्हता. "चूप बैस. ताई उन्हात उभ्या हायेत. पानी दे त्याईले."

प्याले. काय करणार होते?

८ फेब्रुवारी

त्यांच्या गावचा माणूस भेटला. म्हणे पिठाच्या गिरणीवर रुक्मिणीबाईंचा डबा रांगेतून मागं सरकवतात. कोणी बोलत नाही, फक्त सरकवतात. डिंपल माहेरी जाते म्हणत होती, गेली नाही.

खुलासा लिहायला बसले. "पत्रकातील एका शब्दामुळे…" कोणाच्या पत्रकातील? तीन ओळी झाल्या. फार शुद्ध झाल्या. फाडल्या.

९ फेब्रुवारी

बाजार. कोंबड्यांची ओळ रिकामी, पोलीस बसलेला. रुक्मिणीबाईंच्या जागेवर कोणी तरी मेथी घेऊन बसलं होतं. घेतली. गोपाळरावांनी विचारलं, "खुलासा पाठवलास?"

"उद्या."

१२ फेब्रुवारी

उद्या.

१६ फेब्रुवारी

कुलदीपांनी शिपायाबरोबर अंतिम अहवालाची प्रत पाठवली. वर चिठ्ठी — "गोपनीय आहे. जिल्ह्याला जायच्या आधी भाषा तेवढी पाहून द्या." मी त्यांच्याकडे गेले होते अठ्ठावीसला. घटनाक्रमाची पहिली ओळ त्याआधीची आहे —

"दि. २६ जानेवारी, दु. ४.१०. पशुपालक रुक्मिणीबाई यांनी बाजारातून परतताच स्वतः फोन करून मरतुकीची माहिती दिली. उशिराचे कारण विचारता चूक आपलीच असल्याचे सांगितले. पत्रकात सर्व नीट समजेल असेच लिहिले होते, असेही त्या म्हणाल्या."