हरणाचे मागचे पाय

प्रिय बाबा,

लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. अभयारण्यातली खोली कोरडी आहे, दाराला भक्कम कडी आहे, एवढं आईला आधी वाचून दाखवा. माकडं खिडकीतून हात घालतात, ते मात्र वाचू नका. परवा माझा साबणच नेला.

रोज सकाळी जीपमधून हिंडते आणि वहीत चित्रं काढते. पण चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याची मुलगी मी! आधी पट्टीनं आखणी, मग रंग. तोवर हरीण थांबतंय होय? पहिले दोन दिवस नुसती झाडंच काढली.

काल चिडून पट्टी बॅगेत कोंबली. इंजिन चालू, जीप थडथडतेय, तशातच एक हरीण काढायला घेतलं. एक रेघ सरळ आली असेल तर शपथ! तुम्ही पाठीत धपाटाच घातला असतात. पण ड्रायव्हरकाका वहीतल्या हरणाकडे बोट दाखवून म्हणाले, "हळू बोला, पळेल ते."

बाबा, गोळ्या वेळेवर घेताय ना? हात थरथरतो म्हणून तुम्ही ब्रश माळ्यावर टाकलेत, ते काही माझ्या डोक्यातून जात नाही.

सोबत तेच हरीण पाठवतेय. मागचे पाय काढायच्या आत ते उडी मारून गेलं. ते पाय तुम्ही काढा. हात थरथरला तर थरथरू दे, जीपसुद्धा थडथडतच होती.

तुमची,
धांदरट